व्हिममध्ये ‘:हेल्प’ दिली की भलतेच पान उघडते किंवा ‘मदत नाही’ असे उत्तर येते

व्हिम हा संगणकावर मजकूर लिहिण्या-सुधारण्याचा संपादक (टेक्स्ट एडिटर) वापरणाऱ्यांना, त्यातही जे केवळ सर्व्हरवरच्या कामापुरते त्याच्याकडे येतात त्यांना, एक अडचण पुन्हापुन्हा येते. एखादी आज्ञा आठवत नाही म्हणून ‘:हेल्प’ लिहून पुढे त्या आज्ञेचे नाव दिले जाते. खिडकी उघडते, पण तिच्यातल्या मजकुराचा आपल्या प्रश्नाशी काही संबंध नसतो. किंवा खिडकी उघडतच नाही आणि पडद्याच्या तळाशी ई१४९ हा त्रुटिक्रमांक आणि ‘क्षमस्व, या विषयावर मदत नाही’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य उमटते. दोन-तीन वेळा असे झाले की माणूस ब्राउझर उघडतो, कुठून तरी आज्ञा उचलून चिकटवतो, काम उरकतो आणि पुढच्या आठवड्यात तीच आज्ञा पुन्हा शोधू लागतो. व्हिमची अंगभूत मदत अपुरी आहे, असा समज यातूनच पसरतो. माझ्या अनुभवाप्रमाणे मदत अपुरी नाही. ती पुस्तकामागच्या सूचीसारखी बांधलेली आहे आणि आपण तिला शोधयंत्र समजून प्रश्न विचारतो, एवढाच घोटाळा आहे.

लेखनपद्धतीविषयी आधी एक खुलासा करतो. येथे सर्व आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. प्रत्यक्षात त्या रोमन अक्षरांत आणि रोमन अंकांत टंकायच्या आहेत. ‘कंट्रोल’ हा शब्द जेथे एखाद्या विषयाच्या नावात येतो, तेथे तो पूर्ण न लिहिता सी, टी, आर, एल ही चारच अक्षरे लिहावीत, आणि नावातली अधोरेषा व जोडरेषा जशीच्या तशी ठेवावी. येथे सांगितलेले सर्व व्हिमच्या आठव्या आणि नवव्या आवृत्तीला लागू आहे. व्हिमपासून निघालेल्या निओव्हिम या संपादकातही मदतीची बांधणी जवळपास तीच आहे.

माझ्या बाबतीत ही अडचण एका दिवाळी अंकाच्या मजकुरावर काम करताना इतकी छळू लागली की तिचा एकदा सोक्षमोक्ष लावणे भाग पडले. चार-पाच जणांनी टंकलेला मजकूर एकत्र आला होता आणि ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ असे शब्द शोधले असता निम्मेच सापडत होते, डोळ्यांना मात्र सगळे सारखेच दिसत होते. कारण आपल्या परिचयाचे आहे. आडव्या रेघेचा हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: ०९३१ या क्रमांकाच्या ऱ या अक्षरापुढे हलन्त देऊन, किंवा साध्या र ला हलन्त देऊन त्यापुढे २००डी या क्रमांकाचे, डोळ्यांना न दिसणारे शून्यरुंदीचे जोडचिन्ह टाकून. मला ते न दिसणारे चिन्ह इन्सर्ट मोडमध्ये, म्हणजे मजकूर लिहिण्याच्या अवस्थेत, टंकायचे होते. कंट्रोल आणि व्ही ही कळ दाबून पुढे क्रमांक दिला की हवे ते अक्षर उमटते, हे कुठेतरी वाचल्याचे आठवत होते, पण क्रमांकाआधी नेमके काय द्यायचे ते आठवत नव्हते. म्हणून ‘:हेल्प कंट्रोल-व्ही’ अशी आज्ञा दिली आणि उघडले ते पान होते उभा चौकोनी पट्टा निवडण्याचे, म्हणजे ब्लॉकवाइज व्हिज्युअल मोडचे. पुन्हा दिली, पुन्हा तेच पान. व्हिमने चूक केलेली नव्हती. मी विचारलेल्या प्रश्नाचे अगदी बरोबर उत्तर त्याने दिले होते, कारण कोणताही उपसर्ग न लावता कळीचे नाव दिले तर प्रश्न नॉर्मल मोडमधल्या, म्हणजे कळा आज्ञा म्हणून चालतात त्या अवस्थेतल्या, कळीविषयी आहे असे तो धरतो, आणि नॉर्मल मोडमध्ये त्या कळीचे काम पट्टा निवडणे हेच आहे.

सगळ्या गोंधळाचे मूळ येथे आहे. बिल जॉय यांनी १९७६ मध्ये बर्कली येथे लिहिलेल्या व्हीआय या संपादकापासून ही परंपरा चालत आली आहे की एकच कळ निरनिराळ्या मोडमध्ये निरनिराळी कामे करते. ब्राम मोलेनार यांनी १९९१ मध्ये अमिगा संगणकासाठी व्हिमची पहिली सार्वजनिक आवृत्ती आणली तेव्हा ही पद्धत त्यात तशीच आली, आणि पुढे आज्ञांची संख्या वाढत गेली तशी मदतीतल्या प्रत्येक विषयाच्या नावातच तो कोणत्या मोडचा आहे हे नोंदवण्याची शिस्त पडली. वाचणाऱ्याला ही शिस्त माहीत नसेल तर मदत लहरी वाटते. माहीत असेल तर ती अचूक वाटते.

इन्सर्ट मोडच्या कळीसाठी नावाआधी आय हे अक्षर आणि अधोरेषा लावायची. म्हणजे माझा प्रश्न ‘:हेल्प आय_कंट्रोल-व्ही’ असा असायला हवा होता. त्या पानावर गेल्यावर त्याच्या लगत ‘आय_कंट्रोल-व्ही_डिजिट’ हा विषयही दिसतो आणि त्यात सगळे स्पष्ट लिहिलेले आहे: कंट्रोल-व्ही दाबून छोटा यू आणि पुढे जास्तीत जास्त चार षोडशमान अंक, किंवा मोठा यू आणि पुढे जास्तीत जास्त आठ. त्यामुळे यू आणि २००डी दिले की ते न दिसणारे चिन्ह मजकुरात येते. विंडोजवर ज्यांच्या मांडणीत कंट्रोल-व्ही हे चिकटवण्यासाठी राखून ठेवलेले असते, त्यांनी तेथे कंट्रोल-क्यू वापरावे. हेही त्याच पानावर नोंदवलेले आहे. कर्सरखालच्या अक्षराचा क्रमांक पाहायचा असेल तर नॉर्मल मोडमध्ये जी आणि ए या कळा लागोपाठ दाबाव्यात. अक्षराला जोडून आलेली चिन्हेही ही आज्ञा वेगवेगळी दाखवते, त्यामुळे कोणत्या टंकलेखकाने कोणता र वापरला हे क्षणात कळते. तिचे पान ‘:हेल्प जीए’ एवढ्यावर मिळते, कारण ती नॉर्मल मोडचीच आज्ञा आहे आणि तिला उपसर्ग लागत नाही.

इतर उपसर्गही याच धर्तीचे आहेत. व्हिज्युअल मोडसाठी व्ही आणि अधोरेषा लागते. नॉर्मल मोडमधला यू म्हणजे केलेला बदल मागे घेणे, पण मजकूर निवडलेला असताना तोच यू सगळी अक्षरे लहान लिपीत बदलतो. बदल मागे घेतला या समजुतीने अनेकांनी इंग्रजी मजकुरातली मोठी अक्षरे अशीच घालवलेली आहेत. देवनागरीत लहानमोठी अक्षरे नसल्याने आपल्याला तो अपघात फारसा जाणवत नाही. ‘:हेल्प यू’ आणि ‘:हेल्प व्ही_यू’ ही दोन पाने शेजारी ठेवून वाचली की असे का होते ते समजते. खालच्या आज्ञापट्टीवर टंकताना वापरायच्या कळांसाठी सी आणि अधोरेषा आहे. कोलनने सुरू होणाऱ्या आज्ञांसाठी नावातही कोलन लिहावा लागतो, आणि बहुतेक जण तो येथे गाळतात. ‘:हेल्प एस’ विचारले तर कर्सरखालचे अक्षर पुसून इन्सर्ट मोडमध्ये जाणाऱ्या कळीची माहिती येते. शोधून बदलण्याची आज्ञा हवी असेल तर ‘:हेल्प :एस’ असे दोन कोलन द्यावे लागतात. सेटिंगचे नाव एकेरी अवतरणचिन्हांत लिहायचे असते. ओळीतले टॅब व ओळीचा शेवट दृश्य करणारी ‘लिस्ट’ ही सेटिंग अवतरणचिन्हांशिवाय विचारली तर व्हिमच्या स्क्रिप्ट-भाषेतल्या यादी या डेटाप्रकाराचे पान पुढ्यात येते आणि वाचणारा बुचकळ्यात पडतो. फंक्शनच्या नावापुढे मोकळे कंस लावायचे, म्हणजे ‘अपेंड()’ हे फंक्शन आणि ‘:अपेंड’ ही आज्ञा वेगळी राहतात. शोधनमुन्यातल्या खुणांआधी तिरकी रेघ द्यायची, आणि व्हिम सुरू करतानाच्या स्विचांसाठी त्यांची जोडरेषा तशीच ठेवायची. त्रुटिक्रमांक मात्र उपसर्गाशिवाय, जसा पडद्यावर दिसतो तसाच विचारायचा: ‘:हेल्प ई३७’ दिले की फाइल न साठवता बाहेर पडताना व्हिम का अडवतो आणि त्यावर काय करायचे ते येते. त्रुटी आली की तिचा क्रमांक मदतीत पाहणे ही सवय लावून घेण्याजोगी आहे, कारण ब्राउझरमध्ये शोधण्यापेक्षा ते खरोखरच लवकर होते.

ही सगळी रीत पाठ करण्याची गरज नाही. ‘:हेल्प हेल्प-कॉन्टेक्स्ट’ या पानावर तिचा छोटा तक्ता आहे. मी नवशिक्यांना नेहमी सांगतो की व्हिममधली पहिली आज्ञा शिकण्याआधी हे एक पान पाहा, आणि बहुतेक जण ते ऐकत नाहीत.

आता दुसऱ्या तक्रारीकडे वळू. उपसर्ग चुकला तरी कधीकधी बरोबर पान उघडते आणि कधी अगदी विचित्र, असे का होते? दिलेल्या नावाशी तंतोतंत जुळणारा विषय सापडला नाही तर व्हिम ते अक्षरसमूह ज्या ज्या विषयनावांत कुठेही येतात ती सगळी गोळा करतो आणि त्यांतून एक निवडतो. निवडीचे निकष ठरलेले आहेत: लहानमोठी अक्षरे जुळत असतील तर तो विषय पुढे जातो, शब्दाच्या मधोमध जुळण्यापेक्षा शब्दाच्या आरंभी जुळणारा बरा मानला जातो, आणि नाव जितके आखूड तितके त्याला प्राधान्य मिळते. निवडलेला विषय तो न विचारता दाखवतो. मागे राहिलेले वीस-तीस विषय आपल्याला दिसत नाहीत, त्यामुळे व्हिमकडे एवढेच होते असे वाटते.

यावरचा उपाय एका कळीचा आहे आणि माझ्या मते या संपूर्ण विषयातली सर्वांत उपयुक्त कळ तीच आहे. ‘:हेल्प’ लिहून पुढे शब्दाचा तुकडा लिहावा आणि एंटर न दाबता कंट्रोल-डी दाबावे. तो तुकडा असलेली सगळी विषयनावे पडद्यावर येतात, आज्ञापट्टी तशीच उघडी राहते, आणि यादीत पाहून नाव पुरे करता येते. ‘आय_कंट्रोल-व्ही’ एवढे लिहून कंट्रोल-डी दाबले असते तर मला अंकांचा तो विषय पहिल्याच दिवशी सापडला असता. यादी फार लांबली तर तुकड्यात आणखी दोन अक्षरे घालून पुन्हा तीच कळ दाबावी. टॅब दाबूनही नावे एकामागून एक येतात. पण यादी एका नजरेत दिसण्याचा लाभ वेगळा आहे, कारण आज्ञा शिकणाऱ्याला शेजारच्या आज्ञाही आपसूक कळत जातात. एका कामासाठी उघडलेल्या यादीतून मी जितक्या आज्ञा शिकलो, तितक्या कोणत्याही पाठातून शिकलो नाही.

आपल्याला विषयाचे नावच माहीत नसेल, केवळ काय करायचे आहे एवढेच ठाऊक असेल, तर सूची उपयोगी पडत नाही. ‘:हेल्प’ पुढे ‘ओळ पुसा’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द लिहिणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या पदरी ई१४९ हीच त्रुटी येते, कारण विषयनावांत मोकळी जागा नसतेच. अशा वेळी ‘:हेल्पग्रेप’ ही वेगळी आज्ञा द्यावी. ती मदतीच्या सगळ्या फाइलींचा मजकूर धुंडाळते, पहिल्या ठिकाणी नेऊन सोडते, आणि बाकीची ठिकाणे क्विकफिक्स नावाच्या, सापडलेल्या ठिकाणांच्या यादीत साठवते. ‘:कोपन’ दिले की ती यादी खाली उघडते आणि ‘:सीनेक्स्ट’ दिले की पुढच्या ठिकाणी जाता येते. येथे एक खाच आहे जिच्यामुळे अनेक जण ही आज्ञाही सोडून देतात. तुम्ही शोधासाठी लहानमोठ्या अक्षरांचा भेद बंद केलेला असला तरी ‘:हेल्पग्रेप’ त्या सेटिंगकडे पाहत नाही. त्यामुळे वाक्याच्या आरंभी मोठ्या अक्षराने लिहिलेला शब्द निसटतो. शोधशब्दाला उलटी तिरकी रेघ आणि छोटा सी जोडला की हा भेद सुटतो. दुसरी खाच इंग्रजीची आहे: मदतीत पुसण्यासाठी, कापण्यासाठी आणि हलवण्यासाठी ठरावीक क्रियापदे वापरली आहेत आणि नक्कल करून चिकटवण्याला तर व्हिमच्या वेगळ्याच संज्ञा आहेत, ‘यँक’ आणि ‘पुट’. इतर संपादकांतला ‘कॉपी’ हा शब्द घेऊन शोधले तर अर्धी उत्तरे हुकतात. मदतीचे अनुवाद जपानी, फ्रेंच, इटालियन अशा काही भाषांत झालेले आहेत. आपल्याला इंग्रजीतूनच काम चालवावे लागते, म्हणून या दहा-बारा संज्ञा एकदा ओळखीच्या करून घेतलेल्या बऱ्या.

योग्य पान उघडल्यावरही एक अडथळा उरतो, तो म्हणजे मदतीतली लेखनचिन्हे. चौकोनी कंसातला भाग ऐच्छिक असतो, महिरपी कंसातल्या शब्दाच्या जागी आपण काहीतरी द्यायचे असते, आणि कोनी कंसात कळीचे नाव असते. ‘:हेल्प :एस’ या पानावर आज्ञा ‘:एस[ब्स्टिट्यूट]’ अशी लिहिलेली दिसते, तिचा अर्थ एवढाच की एस पुरेसा आहे आणि हवे तर पूर्ण शब्द लिहिता येतो. मी एका नवख्या सहकाऱ्याला ते चौकोनी कंस जसेच्या तसे टंकताना पाहिले आहे, आणि त्याला हसण्याचे कारण नाही, कारण ही चिन्हे कुठे समजावली आहेत हे त्याला कोणी सांगितले नव्हते. ‘:हेल्प नोटेशन’ हे ते पान. मजकुरात वेगळ्या रंगात दिसणारे शब्द हे दुवे असतात. त्यांवर कर्सर नेऊन कंट्रोल आणि उजवा चौकोनी कंस दाबला की त्या विषयावर जाता येते आणि कंट्रोल-टी दाबून परत येता येते. परतीची कळ ठाऊक नसल्याने लोक खिडकी बंद करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात. खिडकी बंद करायला ‘:क्यू’ पुरे आहे. त्याने केवळ मदतीची खिडकी जाते, आपली फाइल तशीच राहते. खिडकी अरुंद वाटत असेल तर ‘:टॅब हेल्प’ असे लिहून मदत स्वतंत्र टॅबमध्ये उघडावी. मदतीचा मजकूर बदलता येत नाही, तेथे टंकण्याचा प्रयत्न केला तर ई२१ ही त्रुटी येते आणि त्यात काही बिघडत नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांना भेटणारी एक निराळीच अवस्था आहे, जिच्यात मदत उघडतही नाही आणि त्रुटीही येत नाही. संगणकाचा कळफलक इन्स्क्रिप्टवर असताना ‘:हेल्प’ टंकले तर कोलनच्या जागी छ उमटतो आणि पुढच्या चार कळांतून प, काना, त आणि ज निघतात. इन्सर्ट मोडमध्ये असाल तर लेखात ‘छपातज’ हा शब्द अवतरतो. त्या दिवाळी अंकाच्या एका कथेत तो मुद्रितशोधनापर्यंत टिकला होता. नॉर्मल मोडमध्ये असाल तर व्हिमला या अक्षरांचा अर्थच नसतो, म्हणून तो घंटी वाजवतो किंवा गप्प बसतो. एस्केप दाबून, कळफलक इंग्रजीवर आणून मग आज्ञा द्यायची, हा तात्पुरता उपाय सगळेच करतात आणि सगळेच त्याला कंटाळतात.

कायमचा उपाय असा की संगणकाचा कळफलक इंग्रजीवरच ठेवावा आणि देवनागरीचे काम व्हिमच्या आतल्या ‘कीमॅप’ या सेटिंगवर सोपवावे. घरच्या फोल्डरमधल्या ‘.व्हिम’ या फोल्डरात ‘कीमॅप’ नावाचा उपफोल्डर करून त्यात ‘मराठी’ नावाची, व्हिम या विस्ताराची फाइल ठेवायची. तिच्यात आरंभी ‘लोडकीमॅप’ ही ओळ आणि तिच्याखाली प्रत्येक ओळीवर एक रोमन कळ व तिचे देवनागरी अक्षर अशा जोड्या लिहायच्या. इन्स्क्रिप्टची सवय असेल तर त्याच जागा येथे लिहाव्यात, म्हणजे बोटांना काही नवे शिकावे लागत नाही. मग ‘:सेट कीमॅप=मराठी’ असे दिले की इन्सर्ट मोडमध्ये आणि शोध घेताना देवनागरी उमटते, पण नॉर्मल मोडच्या आज्ञा आणि कोलनने सुरू होणाऱ्या आज्ञा रोमनमध्येच राहतात. मधेच इंग्रजी शब्द लिहायचा असेल तर कंट्रोल आणि टोपीचिन्ह दाबायचे. नेहमीच्या अमेरिकी कळफलकावर ते चिन्ह सहाच्या कळीवर असते. या कळीविषयी वाचायला ‘:हेल्प कंट्रोल-^’ दिले तर आधीच्या फाइलकडे परत जाण्याचे पान उघडते, कारण नॉर्मल मोडमध्ये तिचे काम ते आहे. हवे असलेले पान ‘:हेल्प आय_कंट्रोल-^’ हे आहे, आणि फाइल कशी लिहायची याचा तपशील ‘:हेल्प एमबाइट-कीमॅप’ येथे आहे.

काही संगणकांवर मात्र वरचे सगळे व्यर्थ ठरते, कारण मदतीच्या फाइली तेथे बसवलेल्याच नसतात. डेबियन आणि उबुंटू या लिनक्स प्रणालींच्या मूळ मांडणीत व्हीआय या नावाने जे सुरू होते ते व्हिमचे अगदी छाटलेले रूप असते. त्याच्या पॅकेजचे नाव ‘व्हिम-टायनी’. त्यात ‘:हेल्प’ दिले तर विषय सापडत नाहीत. इन्सर्ट मोडमध्ये बाणाच्या कळा दाबल्यावर ए, बी, सी, डी ही अक्षरे उमटू लागली तर हेच रूप पुढ्यात आहे असे समजावे, आणि खात्रीसाठी ‘:व्हर्शन’ देऊन पहिल्या काही ओळी वाचाव्यात. ‘सुडो एपीटी इन्स्टॉल व्हिम’ या आज्ञेने पूर्ण व्हिम येतो आणि त्याच्यासोबत मदतीच्या फाइलींचे ‘व्हिम-रनटाइम’ हे पॅकेजही बसते. सर्व्हरवर काही बसवण्याची परवानगी नसेल तर स्वतःच्या संगणकावर पूर्ण व्हिम ठेवून मदत तेथे वाचावी. मूळ आज्ञा दोन्हीकडे त्याच आहेत.

एफ१ या कळीवर विसंबू नये. व्हिमच्या स्वागतपडद्यावर ती सुचवलेली असते, पण लिनक्सवरच्या ग्नोम या डेस्कटॉपच्या टर्मिनलमध्ये ती टर्मिनलचीच मदत उघडते आणि कित्येक लॅपटॉपांवर तिच्याकडे निराळेच काम दिलेले असते. त्याच स्वागतपडद्यावर युगांडातल्या गरीब मुलांना मदत करण्याचे आवाहन दिसते, ते पाहून हे काय म्हणून अनेक जण चक्रावतात. व्हिम विनामूल्य आहे आणि वापरणाऱ्यांनी शक्य असल्यास किबाले येथील मुलांच्या केंद्राला देणगी द्यावी अशी मोलेनार यांची इच्छा होती. ‘:हेल्प युगांडा’ या पानावर परवान्यासह ते सगळे लिहिलेले आहे. मोलेनार यांचे ३ ऑगस्ट २०२३ रोजी निधन झाले, त्यानंतर इतरांनी व्हिमचे काम पुढे चालू ठेवले आणि ९.१ ही आवृत्ती २ जानेवारी २०२४ रोजी त्यांना अर्पण केली. आणि कोणी वैतागून ‘:हेल्प’ पुढे उद्गारचिन्ह देऊन एंटर दाबलेच, तर ई४७८ या क्रमांकाने ‘घाबरू नका’ असे उत्तर येते.

शेवटची तक्रार प्लगइनांची, म्हणजे व्हिमला वरून जोडायच्या पूरक भागांची. प्लगइनची फाइल हाताने उतरवून योग्य फोल्डरात ठेवली, प्लगइन चालू लागले, तरी त्याच्या नावाने मदत मागितली की ई१४९. व्हिम मदतीच्या मजकुराकडे थेट पाहत नाही. प्रत्येक मदत-फोल्डरात ‘टॅग्ज’ नावाची जी सूचीची फाइल असते तिच्याकडे पाहतो, आणि हाताने बसवलेल्या प्लगइनसाठी ती कोणी तयार केलेली नसते. ‘:हेल्पटॅग्ज’ लिहून पुढे एक जागा सोडून ‘ऑल’ हा शब्द मोठ्या अक्षरांत दिला की सगळ्या फोल्डरांतल्या सूच्या नव्याने बांधल्या जातात. ज्या फोल्डरांत लिहिण्याची परवानगी नसते त्यांच्याबद्दल या वेळी जुन्या आवृत्त्यांत काही त्रुटी दिसू शकतात. सर्व्हरवर त्या नेहमीच्या आहेत आणि स्वतःच्या घरच्या फोल्डरातल्या सूचीला त्यांची बाधा होत नाही. एकच विषयनाव दोन फाइलींत असल्याचे सांगणारी ई१५४ ही त्रुटी दिसली तर बहुधा तेच प्लगइन दोन ठिकाणी बसलेले असते. जुनी प्रत काढून टाकावी, आज्ञा पुन्हा द्यावी, आणि मग प्लगइनच्या नावाचा तुकडा लिहून कंट्रोल-डी दाबून पाहावे.